तरुण संघाच्या सभेत पडद्यावरचे खेळ: चालू ठेवावेत की बंद करावेत?

संघसेवक, अहिल्यानगर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाची सभा दर शनिवारी संध्याकाळी भरते आणि बायबलच्या वचनमननापूर्वीची पहिली वीस मिनिटे आम्ही प्रोजेक्टरच्या पडद्यावर सोपे सामूहिक खेळ घेतो. गेल्या बैठकीत मंडळीच्या कारभारातील एका ज्येष्ठ वडिलांनी असे सुचवले की हे खेळ बंद करून तो वेळ गीतांच्या सरावाला द्यावा, आणि पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु चार वर्षे हे खेळ घेतल्यानंतर ते चालूच राहिले पाहिजेत असे माझे मत झाले आहे, आणि ते का, हे मी येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी स्पष्ट विरोध करावा. बैठकीला जाण्यापूर्वी मला तो ऐकायचा आहे.

आमच्या सभेला साधारण चाळीस जण येतात. त्यांतील निम्मे याच मंडळीत लहानाचे मोठे झालेले आहेत; त्यांना एकमेकांची घरे, आजीआजोबा आणि टोपणनावेसुद्धा ठाऊक असतात. उरलेले शिक्षणासाठी किंवा कामासाठी राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, जालना अशा ठिकाणांहून आलेले, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे असतात. असा नवा मुलगा पहिल्या शनिवारी हमखास दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. त्याला पुढे बोलावून ओळख करून द्यायला सांगितले की चाळीस जणांच्या नजरा त्याच्यावर खिळतात, आणि पुढच्या शनिवारी ती जागा रिकामी असते. पडद्याचा मला जाणवलेला मोठा उपयोग हाच आहे की सर्वांच्या नजरा तिकडे लागलेल्या असतात आणि नवख्याला त्या आडोशाने आत येता येते.

आमचा सर्वांत सोपा खेळ 'हे की ते' हा आहे. पडद्याच्या डाव्या भागात पुरणपोळीचे चित्र असते आणि उजव्या भागात मटणाच्या ताटाचे. ज्याला जे आवडते त्याने त्या बाजूच्या भिंतीकडे जायचे, आणि तेथे पोहोचल्यावर शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाव विचारून आपल्या निवडीचे एक कारण तिला सांगायचे. मग समुद्र की डोंगर, पहाटेचा अभ्यास की रात्रीचा, नाताळची कॅरोल फेरी की ईस्टरची पहाटेची उपासना, असे दहा फेऱ्यांपर्यंत चालते. यात कोणाचे उत्तर चुकत नाही, वाचता यावे लागत नाही, पवित्र शास्त्राची (बायबलची) माहिती आधीपासून असावी लागत नाही, आणि दहा फेऱ्या संपेपर्यंत प्रत्येक जण पाचसहा अनोळखी माणसांशी दोन शब्द बोललेला असतो.

दुसरा खेळ झाकलेल्या चित्राचा. एका छायाचित्रावर नऊ चौकोन टाकलेले असतात. प्रत्येक गटाने आळीपाळीने एक चौकोन उघडायला सांगायचा आणि चित्र कशाचे आहे ते ओळखायचे. आम्ही इंटरनेटवरची चित्रे न घेता मंडळीतील घरांमधून जुनी छायाचित्रे गोळा केली. एका शनिवारी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र लावले होते. चौथा चौकोन उघडला तेव्हा ज्वारीच्या कणसांच्या जुडीशेजारी एका बाजापेटीचा कोपरा दिसला. तिच्या भात्यावर ठिगळ होते. सात-आठ महिने सभेत एक शब्दही न बोललेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ती आमच्या आजोबांची पेटी आहे. ते ठिगळ आजीच्या लुगड्याचे आहे." त्या दिवशी पुढचे पाच चौकोन उघडायचे राहूनच गेले, कारण सगळे त्याच्याभोवती जमले होते.

खर्चाचा प्रश्नही विचारला गेला, म्हणून सांगतो की या खेळांना एक लॅपटॉप, मंडळीचा आधीचाच प्रोजेक्टर आणि तयारीचा एक तास याखेरीज काही लागत नाही. दोनदा आम्ही मोबाईलवरून उत्तरे देण्याची प्रश्नमंजूषा घेतली आणि तीही मुलांना आवडली. ज्या मिशनरींनी या भागात सुवार्ता आणली त्यांनीसुद्धा जादूचा कंदील लावून भिंतीवर चित्रे दाखवलीच होती. तेव्हा पडदा ही आपल्यासाठी परकी वस्तू आहे असे मला वाटत नाही.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर

संघसेवक भाऊ, बाजापेटीची हकिकत वाचून फार बरे वाटले. तरीही माझे मत विरोधात आहे, आणि ते यंत्राच्या भीतीतून आलेले नाही हे आधी स्पष्ट करते. मी एकतीस वर्षे शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशाळा, घेतली आहे. फ्लॅनेलच्या फळ्यावर नोहाचे तारू आणि प्राण्यांच्या जोड्या चिकटवून शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि त्या वेळीही 'मुले चित्रांतच रमतील' अशी तक्रार झाली होती. म्हणून चित्र दाखवण्यावर माझा आक्षेप नाही.

आक्षेप असा आहे की पडद्यासमोर बसलेला समुदाय हळूहळू प्रेक्षक होतो. १८८१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी (चर्चच्या धर्मोपदेशकांनी) ख्रिश्चन एन्डेव्हर ही तरुणांची चळवळ सुरू केली आणि ती मिशनरींबरोबर आपल्याकडेही आली. तिच्या सभासदांची जी प्रतिज्ञा होती तिच्यात एक अट अशी होती की प्रत्येकाने प्रत्येक सभेत गायनाव्यतिरिक्त काही ना काही भाग घेतलाच पाहिजे. एखादे वचन वाचावे, दोन वाक्यांची प्रार्थना करावी, अनुभव सांगावा. पण गप्प बसून घरी जाऊ नये. तरुण संघाचा पाया इतक्या साध्या अटीवर घातलेला आहे, आणि पडद्यावरचा खेळ मोजायचा असेल तर तो याच मापाने मोजावा असे मला वाटते. आमच्या मंडळीत मी मागे बसून मोजणी केली. तीस मुलांपैकी अकरा जण मोठ्याने उत्तरे देत होते, उरलेले एकोणीस हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना मजा आली असे त्यांनी सांगितलेही. परंतु त्यांनी स्वतः काय केले असे विचारले असता त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

दुसरी गोष्ट वाचनाची. आपल्या शहरी मंडळ्यांतील पुष्कळ मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. ती देवनागरी वाचतात, पण सावकाश, अक्षराला अक्षर जोडत. पडद्यावर वचन येते, दहा सेकंदांची उलटी गणती सुरू होते, आणि ज्या मुलीला ते वाचायला पंधरा सेकंद लागतात ती पहिल्या दोन प्रश्नांनंतर प्रयत्नच सोडते. इंग्रजीत प्रश्न घातले तर हीच वेळ मराठी शाळेतल्या मुलावर येते. गाळलेला शब्द भरण्याच्या खेळात मी एक प्रसंग पाहिला. तेविसाव्या स्तोत्रातील 'मला काही ___ पडणार नाही' हे वाक्य होते. एका लहान मुलाने 'कमी' असे उत्तर दिले. पडद्यावर लाल फुली आली, बझर वाजला आणि 'उणे' हा शब्द झळकला. त्या मुलाला स्तोत्राचा अर्थ बरोबर कळला होता. मी फळ्याजवळ उभी असते तर त्याला जवळ बोलावून म्हटले असते की बाळा, 'उणे' म्हणजेच 'कमी', आणि आपल्या आज्या हा शब्द रोज वापरत असत. बझरला हे कसे सांगता येणार?

आणि शेवटी त्या मुलाविषयी, जो लॅपटॉपपाशी बसतो. सगळे खेळत असताना त्याची मान खाली असते आणि बोट कळीवर असते. दर शनिवारी एका मुलाला खेळाबाहेर ठेवून खेळ चालवणे मला योग्य वाटत नाही.

लॅपटॉपपाशी बसणारा, पुणे

शिक्षिकाबाई, आपण ज्याच्याविषयी काळजीने लिहिले आहे तो मुलगा आमच्या मंडळीत मी आहे, म्हणून आदरपूर्वक उत्तर देतो. मी बोलताना अडखळतो. शब्द घशात अडकतो, समोरचा माणूस वाट पाहतो आणि मग तोच माझे वाक्य पूर्ण करतो. आपण सांगितलेल्या प्रतिज्ञेप्रमाणे दर सभेत उभे राहून बोलण्याची अट माझ्यावर असती तर मी तरुण संघात टिकलो नसतो. शुक्रवारी रात्री बसून मी जे चौकोन आणि चित्रे तयार करतो, आणि शनिवारी कोणता चौकोन कधी उघडायचा हे सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवतो, तोच माझा भाग आहे. माझी मान खाली असते हे खरे आहे, पण मी खेळाबाहेर नसतो.

तयारी करणाऱ्यांसाठी अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो, कारण पडद्यावरच्या खेळांविषयीचा पुष्कळ राग हा वाईट तयारीचा राग असतो. मंडळीतील जुन्या संगणकांवर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर लिहिलेला असतो. तीच फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की वचनाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात आणि सभेची दहा मिनिटे त्यातच जातात. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक लिपीसंकेतात, लिहिले तर हा त्रास होत नाही. अक्षर चाळीस पॉइंटपेक्षा लहान ठेवू नये आणि एका पानावर तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर घालू नये, विशेषतः ज्या सभागृहात संध्याकाळचा उजेड खिडक्यांतून थेट पडद्यावर येतो तेथे. उलट्या गणतीविषयी मात्र बाईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः घड्याळाच्या दडपणाखाली बोलू शकत नाही, आणि तरीही दुसऱ्यांसाठी तेच घड्याळ लावत होतो, हे त्यांचे उत्तर वाचेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

खेड्यातील एक पाळक, मराठवाडा

माझी मंडळी चौदा घरांची आहे. उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि तरुणांची सभा उन्हाळ्यात बाहेर कडुलिंबाखाली भरते, कारण संध्याकाळी वीज असेलच असे नाही. आमच्याकडे प्रोजेक्टर नाही म्हणून मी विरोध करतो असे कोणी समजू नये. माझ्या मुलांना त्याची उणीव कधी भासली नव्हती. ती भासू लागली एका शिबिरानंतर. तेथे शहरातील मंडळ्यांच्या तरुणांनी पडद्यावर खेळ घेतले, गुणफलक लावला, आणि माझी सहा मुले सर्वांत शेवटच्या क्रमांकावर राहिली. शास्त्रवचने त्यांना कमी येत नव्हती. रंगीत चौकटी पाहून झटपट मोबाईल दाबण्याची सवय त्यांना नव्हती. परतताना एसटीत त्यांतील एकाने मला विचारले, "पाळकसाहेब, आपली मंडळी मागासलेली आहे का?" त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही.

खेळाला शास्त्राचा विरोध नाही. जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेवर देवाची कृपा होईल तेव्हाचे जे चित्र आहे त्यात नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेलेले आहेत. पण खेळात बक्षीस आणि ईर्ष्या शिरली की काय होते हेही शास्त्रातच आहे. शास्ते या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात शमशोन आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस सोबत्यांना एक कोडे घालतो आणि तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख पैजेला लावतो. सात दिवसांच्या मेजवानीत पाहुण्यांना हरणे सहन होत नाही. ते त्याच्या बायकोला बापाच्या घरासह जाळून टाकण्याची धमकी देऊन उत्तर काढून घेतात, आणि पैज फेडण्यासाठी शमशोन अष्कलोनात तीस माणसे मारतो. कोडे तर साधे होते, सिंहाच्या सांगाड्यातील मधाचे. मी हा अध्याय तरुणांना शिकवतो तेव्हा त्यांना विचारतो की पैज लावली नसती तर ती मेजवानी कशी पार पडली असती.

गुणफलक काढून टाका, मग पडद्याविषयी माझी फारशी तक्रार उरणार नाही. परंतु तो काढून टाकल्यावर पडद्यावर असे काय उरते जे लिंबाखाली करता येत नाही, हे मला कोणीतरी सांगावे. 'हे की ते' हा खेळ आम्ही केवळ तोंडी विचारून खेळतो, आणि एका बाजूला विहीर व दुसऱ्या बाजूला शेड असल्यामुळे भिंतींचीही गरज पडत नाही.

वसईकर कॅथलिक युवक

माझा मुद्दा पडद्याच्या बाजूचा किंवा विरोधी नाही, पण तो येथेच मांडणे योग्य आहे. दर वर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. अशाच एका सप्ताहात आम्ही वेगवेगळ्या पंथांचे तरुण एकत्र जमलो होतो. पडद्यावर पहिला प्रश्न आला: बायबलमध्ये एकूण पुस्तके किती? माझ्या धर्मग्रामातील (चर्चच्या विभागातील) मुलांनी एकमुखाने 'त्र्याहत्तर' असे उत्तर दिले. पडद्याने ते चूक ठरवले आणि 'सहासष्ट' हे प्रॉटेस्टंट बायबलप्रमाणेचे उत्तर हिरव्या रंगात दाखवले. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात आणखी सात ग्रंथ आहेत, त्यांत टोबित, युदिथ आणि मक्काबींचे दोन ग्रंथ येतात, आणि १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती यादी अधिकृतपणे निश्चित केली. आमच्या मुलांचे उत्तर त्यांच्या दृष्टीने पूर्ण बरोबर होते. ऐक्याच्या सभेतील पहिल्याच मिनिटाला त्यांना सर्वांसमोर चुकीचे ठरवले गेले, आणि त्यामागे कोणाचा दुष्ट हेतूही नव्हता. प्रश्नसंच कुठून तरी जसाच्या तसा घेतलेला होता.

आयत्या संचांविषयी मला कळकळीने बोलायचे आहे. ते बहुतेक अमेरिकेतील मंडळ्यांसाठी बनवलेले असतात. त्यांत थँक्सगिव्हिंगचा टर्की पक्षी असतो, बेसबॉल असतो, बर्फातला नाताळ असतो. आमच्याकडे नाताळात घराघरांत येशूजन्माच्या देखाव्याच्या गव्हाणी मांडल्या जातात, केळीच्या बागा आहेत, सामवेदी बोली बोलणाऱ्या आज्या आहेत. त्यांची चित्रे पडद्यावर का येत नाहीत? त्यातच काही प्रश्नांची उत्तरेसुद्धा शास्त्राला धरून नसतात. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, किती होते या प्रश्नाला 'तीन' हे उत्तर दिलेले असते, परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या सांगितलेलीच नाही; सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी मात्र आहेत. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असेही शास्त्रात कुठे म्हटलेले नाही. माणूस प्रश्न विचारत असेल तर असे चुकलेले उत्तर चर्चेत दुरुस्त होते. पडद्यावर छापून आले की मुलांना तेच प्रमाण वाटते, आणि ते मनातून काढायला पुढे वर्षे लागतात.

परिचारिका, मिरज

चित्रे पटपट लखलखणारे किंवा रंग झपाट्याने बदलणारे खेळ कृपया घेऊ नयेत. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमध्ये लाल आणि निळा रंग वेगाने आलटूनपालटून दाखवला गेला आणि साडेसहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. अपस्मार (फेफरे) असलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांना अशा प्रकाशाने झटका येऊ शकतो, आणि त्यांतील काहींना आपल्याला हा त्रास आहे हे त्या पहिल्या झटक्यापर्यंत माहीत नसते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होऊ नये, असा संकेतस्थळांसाठीचा सर्वमान्य निकष आहे. अंधारलेल्या सभागृहात मोठ्या पडद्यासमोर तो अधिकच काटेकोरपणे पाळावा आणि मागचे दोन दिवे चालू ठेवावेत.

एका मुलीची आई, नाशिक

मोबाईलवरून उत्तरे देण्याच्या खेळाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. आमच्या मंडळीत सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा मोबाईल आहे आणि त्याच वयाच्या निम्म्या मुलींकडे नाही. हे योग्य आहे की अयोग्य हा वेगळा विषय आहे, पण परिस्थिती अशी आहे. पहिल्या प्रश्नमंजूषेच्या दिवशी माझी मुलगी मैत्रिणीच्या मोबाईलमध्ये डोकावून खेळली. दुसऱ्या वेळी ती म्हणाली की मला बरे वाटत नाही, मी आज जात नाही. तिसऱ्या वेळी मला खरे कारण कळले. या खेळांत जो आधी उत्तर देतो त्याला जास्त गुण मिळतात आणि पडद्यावर केवळ वरची पाच नावे येतात. मैत्रिणीचा मोबाईल मागून घेणारीचे नाव तेथे येणार कसे? गटात पाच जण आणि मध्ये एकच मोबाईल ठेवला असता तर ती गेली असती असे मला वाटते. पण तसे करावे हे कोणाला सुचले नाही, कारण खेळ घेणाऱ्या चारही जणांकडे मोबाईल होते.

संघसेवक, अहिल्यानगर

सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली. मोबाईलवरची प्रश्नमंजूषा आणि गुणफलक या दोन्हींची बाजू मी यापुढे घेणार नाही. नाशिकच्या ताईंनी लिहिलेले वाचल्यावर आमच्या सभेत त्या दोन शनिवारी कोणकोण आले नव्हते हे मी हजेरीच्या वहीत पाहिले, आणि जे दिसले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. उलटी गणतीही काढून टाकतो. तयार प्रश्नसंच आम्ही फारसे वापरत नव्हतो, पण मागी लोकांचा प्रश्न आमच्याकडेही 'तीन' याच उत्तराने झाला होता.

परंतु पडदा नकोच, हे मला अजून पटलेले नाही. पाळकसाहेब, लिंबाखाली जे करता येत नाही ते झाकलेले चित्र. चौदा घरांच्या मंडळीत प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोबा माहीत असतात. आमच्याकडे मात्र मुलांना आपापसांतले ते धागे ठाऊकच नाहीत, आणि जुने छायाचित्र भिंतीएवढे मोठे झाले की ते सापडू लागतात. शिक्षिकाबाई, पडद्यासमोर समुदाय प्रेक्षक होतो ही आपली गोष्ट माझ्या मनाला लागली आहे. स्लाइड चालू असताना कीबोर्डवरील 'बी' हे अक्षर दाबले की पडदा पूर्ण काळा होतो आणि पुन्हा दाबले की चित्र परत येते. आता आम्ही असे ठरवले आहे की चित्र किंवा प्रश्न दिसला की लगेच पडदा काळा करायचा आणि दोन मिनिटे प्रत्येकाने शेजाऱ्याशी त्याविषयी बोलायचे, मगच पुढे जायचे. गेल्या शनिवारी तसे करून पाहिले. पडदा काळा झाल्यावर सुरुवातीला मुले त्या काळ्या पडद्याकडेच पाहत राहिली. तिसऱ्या वेळेपासून ती एकमेकांकडे वळू लागली.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर

पुण्याच्या मुला, तुझे उत्तर वाचून मी ते वाक्य मागे घेते. तुझा भाग तू घेतच होतास, मला तो दिसला नाही. संघसेवक भाऊ, आपला झाकलेल्या चित्राचा खेळ मी काल आमच्या मुलांबरोबर घेतला, पण प्रोजेक्टरशिवाय. एक जुने छायाचित्र भिंतीवरच्या कॅलेंडरएवढे मोठे छापून घेतले आणि त्यावर नऊ पोस्टकार्डे टाचण्यांनी लावली. मुले आपसूक जवळ आली, कारण लांबून काहीच दिसत नव्हते. एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून पाहताना त्यांनी जेवढी बडबड केली तेवढी मी पडद्यासमोर कधी ऐकली नव्हती. म्हणून मोठे चित्र हाच फायदा आहे, हे मला मान्य नाही.

संघसेवक, अहिल्यानगर

बाई, हा खेळ आपल्या पद्धतीने घेण्याची माझी तयारी आहे, परंतु अडचण सांगतो. कॅलेंडरएवढे चित्र पाहायला जी मुले जवळ येतील ती आधीपासून एकमेकांची असलेली. दाराजवळच्या शेवटच्या बाकावरचा मुलगा उठून त्या घोळक्यात शिरणार नाही. त्याला जागेवरून दिसेल असेच चित्र हवे, आणि म्हणूनच मला पडदा हवा आहे.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर

तर मग पुढच्या शनिवारी मुले येण्यापूर्वी तो शेवटचा बाक दोघांनी उचलून पुढे आणून ठेवा, आणि चित्र त्या बाकासमोरच्या भिंतीवर लावा. तो मुलगा नेहमीप्रमाणे आपल्या बाकावर बसेल आणि बाकीच्यांना पाहायला त्याच्याकडे यावे लागेल. पोस्टकार्डे काढण्याचे काम त्याच्याकडे द्या. बोलायला सांगू नका. पडदा त्या एका दिवसापुरता गुंडाळून ठेवा आणि काय झाले ते मला बैठकीपूर्वी कळवा.